“तुमचा विश्वास कमी पडतोय” असं सांगितलं जातं तेव्हा

सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न, ओळख कळू नये इतपत बदल करून, असा आहे: पती टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते. दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं आणि काम सुटलं. घर आता ताईंच्या शिलाईवर चालतं. वर्ष उलटून गेलं. प्रार्थना झाल्या, उपास झाले, मंडळीने, म्हणजे चर्चच्या माणसांनी, घरी येऊन डोक्यावर हात ठेवून विनंती केली, तरी फरक नाही. मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, “तुमचा विश्वास कमी पडतोय.” माहेरची माणसं म्हणतात, कुळदैवत सोडलंत त्याचं हे फळ. बाहेरगावच्या एका प्रचारकाच्या सभेत सांगण्यात आलं की डायलिसिस बंद करा, ‘विश्वासाचं बी’ म्हणून मोठी रक्कम अर्पण करा, चमत्कार होईल. ताई विचारतात, “आता प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत. मी बायबल उघडलं की हे तोंड फिरवतात. बारा वर्षांची मुलगी विचारते, येशू पप्पांना बरं का करत नाही? पाळकसाहेब, मी विश्वास ठेवू तरी कसा?”

ताई, सलाम.

विश्वासाचं नंतर बोलू, आधी डायलिसिसचं. ते बंद करायचं नाही. एक पाळीसुद्धा चुकवायची नाही. किडनी काम करत नसली की अंगात पाणी साठत जातं आणि रक्तातलं पोटॅशियम वाढतं. पाणी फुप्फुसात उतरलं की श्वास लागतो, पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं, आणि याला महिने लागत नाहीत, थोडे दिवस पुरतात. व्यासपीठावरून ‘डायलिसिस सोडा’ म्हणणारा माणूस सभा संपली की पुढच्या गावाला जातो. मध्यरात्री रिक्षा शोधून सिव्हिलला धावायचं असतं ते घरच्यांना.

औषध घेणं हा अविश्वास आहे, असं पवित्र शास्त्रात मला तरी कुठे सापडलेलं नाही. उलटच सापडतं. २ राजे २० काढून बघा. हिज्किया राजा मरणाला टेकलेला आहे, रडून प्रार्थना करतो, आणि यशया संदेष्टा देवाचं वचन घेऊन येतो की तुझ्या आयुष्याची १५ वर्षं वाढवली आहेत. वचन मिळालं, काम झालं, असं आपण म्हणू. पण तोच यशया लगेच सांगतो, अंजिरं आणा, गळवावर लेप लावा. देवाने स्वतः शब्द दिलेला असतानाही लेप लागलाच! प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. पौलाच्या तरुण सोबत्याचं, तीमथ्याचं पोट वारंवार बिघडायचं, त्याला पौल उपास सांगत नाही, नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घे म्हणतो. आणि आपल्या ख्रिस्ती माणसांचा इतिहास तरी काय सांगतो? मिरजेला मिशनरी डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं, ते प्रार्थना जमत नव्हती म्हणून नव्हे. भारतातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात झालं. त्या शस्त्रक्रियागृहात प्रार्थना करूनच काम सुरू करणारी माणसं होती.

उपासाचंही सांगून टाकतो, कारण यात आपली प्रेमाची माणसं नकळत घात करतात. पतींनी उपास करायचा नाही. आणि ‘उपासाचं चालतं’ किंवा ‘आजाऱ्याला बरं’ म्हणून कुणी शहाळं, मोसंबीचा रस आणला तर तो त्यांना देऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. दुकानात ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका, त्यातही बऱ्याचदा पोटॅशियमच असतं. पाण्याचं माप डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असेल. सोलापूरच्या मे महिन्यात ते माप पाळणं हे कुठल्याही चाळीस दिवसांच्या उपासाहून कठीण आहे. ते पतींचं व्रत समजा आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणी करा. तुम्ही स्वतः शिलाईच्या मशीनवर दिवसभर बसता, तेव्हा उपाशीपोटी चक्कर येऊन पडण्यात देवाचा काही गौरव नाही. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. झुडपाखाली पडून तो म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत आला तो उपदेश घेऊन आला नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवून गेला. एलीया जेवला, पुन्हा झोपला, मग दुसऱ्यांदा जेवला. देवाचं बोलणं त्यानंतर, पुढच्या डोंगरावर.

पैशांचंही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. पतींच्या पगारातून ई.एस.आय. (कामगार विमा) कापला जात असेल तर त्याचं कार्ड चालू आहे का, हेही आधी विचारा. काम सुटल्यावर लोक ते कागद कपाटात टाकून विसरतात. पाळकाने असल्या गोष्टींत पडू नये असं कुणाला वाटत असेल. मला वाटतं पडावं.

आता ‘विश्वासाचं बी’. ज्या घरात रिक्षाच्या भाड्याचा हिशोब होतो त्या घरातून चमत्काराच्या नावाने पैसे मागणं याला मी अर्पण म्हणत नाही. गरीब विधवेने अर्पण केलेल्या दोन टोल्या, म्हणजे दमड्या, येशूने पाहिल्या हे खरं, पण मार्काच्या शुभवर्तमानात त्याच्याच वरच्या ओळी वाचा. विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांबद्दल तो आधी बोललाय. ते पैसे डायलिसिसच्या सुया-नळ्यांना आणि मुलीच्या वह्यांना ठेवा. देव त्याने रागावणार नाही. मंडळीत पेटी फिरली आणि हात रिकामा असला तर रिकामा हात पुढे करून पेटी शेजारच्याकडे द्या. कुणी बघितलं तर बघू दे.

इतकं सांगून झाल्यावर आता मूळ दुखण्याकडे येतो.

ताई, तुमच्यावर दोन बाजूंनी आरोप झालाय. माहेरचे म्हणतात देव सोडलात म्हणून झालं. मंडळीतले म्हणतात देव नीट धरला नाहीत म्हणून झालं. दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही, पण हिशोबाची वही दोघांची एकच आहे: दुखणं आलं म्हणजे घरातल्या कुणीतरी काहीतरी चुकवलंय. ही वही फार जुनी आहे आणि ती कुठल्या एका धर्माची नाही. येशूचे शिष्यही तीच घेऊन फिरत होते. जन्मांध माणूस दिसताच त्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? योहानाच्या ९व्या अध्यायात येशूने दोन्ही पर्याय नाकारले. लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेल्याची बातमी आहे. ती माणसं यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का? नव्हती, असं तो स्पष्ट सांगतो. माहेरच्यांशी वाद घालू नका. ते त्यांच्या परीने घाबरलेले आहेत, जावयाची काळजी त्यांनाही आहे, आणि सासर-माहेरचा दुवा आजारपणात तुटायला नको. पण मंडळीतल्या माणसाने हे बोलावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण त्याच्या हातात ईयोबाचं पुस्तक आहे.

ईयोब हा नीतिमान माणूस, तरी त्याची लेकरं, धन, तब्येत सगळं गेलं. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच. मग त्यांनी तोंडं उघडली आणि पुढचे कितीतरी अध्याय ते ईयोबाला पटवत राहिले की तुझंच काहीतरी चुकलं. शेवटी देव कुणावर रागावला? देवावर ओरडणाऱ्या, वाद घालणाऱ्या ईयोबावर नव्हे. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर. तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, असं त्यांना सुनावून तो सांगतो की आता ईयोबच तुमच्यासाठी प्रार्थना करील. हा ४२वा अध्याय आपल्याकडे क्वचित वाचला जातो. ईयोबाला दुप्पट गुरंढोरं मिळाली तेवढं मात्र सगळ्यांना पाठ असतं.

‘विश्वास पुरेसा असला की बरं होतंच’ या शिकवणीपुढे पौलाला उभं करा. शरीरात रुतलेला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा राहिला. उत्तर मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो सहज लिहून जातो, त्रफिम आजारी पडला म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे झाले असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे, तोच पौल आपल्या सोबत्याला आजारी सोडून पुढे जातो. तिथे विश्वास कुणाचा कमी पडला, पौलाचा की त्रफिमाचा?

मी चमत्कार नाकारतोय असं समजू नका. डॉक्टरांनी आशा सोडलेली माणसं प्रार्थनेनंतर उठून घरी गेलेली मी पाहिली आहेत. तितक्याच कळकळीने प्रार्थना होऊनही वारलेली माणसंही पाहिली, आणि ती जास्त. दोन्ही घरांत बसलोय. बरं झालेल्यांचा विश्वास मोठा आणि गेलेल्यांचा लहान, असं मला कधीच दिसलं नाही. आमच्याकडे उपासनेत ‘साक्ष’ देण्याची प्रथा आहे. नोकरी लागली, व्हिसा मिळाला, गाठ विरघळली, की माणूस पुढे येऊन सांगतो आणि सगळे स्तुती करतात. चांगलं आहे. पण ज्याचं काहीच सुटलेलं नाही आणि तरी जो दर रविवारी येतो, त्याला पुढे बोलावण्याची पद्धत आपण पाडलीच नाही. त्यामुळे मागच्या बाकावरच्या माणसाला वाटतं, इथे हरलेला मी एकटाच. मला विचाराल तर ही प्रथा वर्षभर बंद ठेवली तरी मंडळीचं फार नुकसान होणार नाही.

आणि घरोघरी भिंतीवर लावलेलं यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. तुमच्याही घरी ते कॅलेंडर असेल. त्याच्या फक्त एक वचन वर जा. ७० वर्षं, असं तिथे लिहिलंय. बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना ते पत्र आहे, आणि लवकरच परत जाल असं सांगणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांविरुद्ध ते लिहिलंय. घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं मागा, कारण इथे बराच काळ काढायचाय. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारही नव्हता. तरी ते हिताचं वचन होतं. सोलापूरला हे समजायला जड जाऊ नये. लक्ष्मी-विष्णूसारख्या गिरण्या बंद झाल्या तेव्हा ‘पुन्हा भोंगा वाजणार’ म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहणारी घरं इथे होती आणि बायकोच्या विड्यांवर, भाजीच्या गाडीवर लेकरं शिकवणारी घरंही होती. दोन्हीकडे प्रार्थना होत होती.

मग ठेवायचा तरी कशावर विश्वास, असं तुम्ही विचाराल. बरं होण्याची खात्री नाही, तर उरतं काय?

उरतो तो येशू स्वतः, ज्याने हे सगळं अंगावर घेतलं. गुड फ्रायडेला बारा ते तीन आपण बसतो, एप्रिलच्या उन्हात पंखे गरम हवा फेकत असतात, आणि येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांतल्या चौथ्याशी आलं की सांगणाऱ्याचाही आवाज खाली येतो. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? हा प्रश्न येशूने स्वतः विचारलाय, आणि आकाशातून त्याला त्या क्षणी उत्तर आलेलं नाही. आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, तो प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणण्याची कुणाची हिंमत आहे? ख्रिस्ती माणूस ज्याच्यावर भरवसा टाकतो तो न ऐकलेल्या प्रार्थनेतून गेलेला आहे, कबरेत गेलेला आहे, आणि तिसऱ्या दिवशी त्या कबरेतून उठलेला आहे. पुनरुत्थानाची आशा म्हणजे ‘सगळं ठीक होईल’ अशी पाठीवरची थाप नाही. मरणाचाही शेवट आहे, असं ते म्हणणं आहे. आज किडन्या बऱ्या होतील की नाही, हे त्यात लिहिलेलं नाही. शद्रख, मेशख, अबेद्नगो राजाला हेच म्हणाले होते: आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, पण तसं न झालं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ‘समर्थ आहे’ आणि ‘न झालं तरी’ ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता येतात. रोज म्हणता येणार नाहीत. काही दिवशी नुसतं पहिलं जमेल, काही दिवशी नुसतं दुसरं.

आणि ज्या दिवशी एकही जमणार नाही, त्या दिवसासाठी मार्काचा २रा अध्याय आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. कफर्णहूमात पक्षघाती माणसाला चौघांनी बाजेवर उचलून आणलं. दारात गर्दी, म्हणून छप्पर उसकटून खाली सोडलं. तिथे लिहिलंय की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. आणणाऱ्यांचा. बाजेवरचा माणूस त्या सगळ्या प्रसंगात एक शब्द बोलत नाही. त्याने प्रार्थना केली का, त्याला येशूवर भरवसा होता का, की तोही तुमच्या पतींसारखा भिंतीकडे तोंड करून पडला होता, काही कळत नाही. येशूने विचारलंही नाही.

आपण विश्वास ही एकेकट्याची मिळकत करून टाकली आहे: माझा किती, तुझा किती. मंडळी असते ती एकमेकांचा वाहण्यासाठी. तेव्हा रविवारी सगळे उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते, एकत्र म्हणतात, तुमच्या तोंडून निघत नसेल तर नुसत्या उभ्या राहा. तेवढ्या वेळापुरतं मंडळी तुमच्या वाटचं म्हणते आहे असं समजा. ढोंग होतंय असं मनात आणू नका. प्रभुभोजनाला पुढे या. मुक्यानेच या. आता दोन महिने घरी प्रार्थनेला येणाऱ्यांना सांगा, “मी प्रार्थना करणार नाही, तुम्ही माझ्यासमोर करा.” स्त्री-मंडळातल्या ज्या बाईंशी तुमचं जमतं त्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे प्रार्थनेच्या शेवटी कुणी “आता ताई दोन शब्द बोलतील” म्हणून तुम्हाला अडकवणार नाही.

शब्द येत नाहीत हे पाप नाही. पौल रोमकरांना लिहितो, प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी कण्हतो, आणि त्या कण्हण्याला शब्द नसतात. ज्यांना उसने शब्द हवेत त्यांच्यासाठी स्तोत्रसंहिता आहे. तिच्यातला जवळपास तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. आपण २३वं आणि ९१वं मुलांकडून पाठ करून घेतो, १३वं घेत नाही. ते सुरूच होतं, परमेश्वरा, कुठवर मला विसरणार, कायमचा का, असं म्हणून. ८८वं तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ असं एक वाक्यसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी खोडलं नाही. डायलिसिसच्या चार तासांत बाहेरच्या बाकड्यावर बसून त्यातलं एक वाचा, पुटपुटत वाचा, आणि पुस्तक मिटून टाका. दुसरं काही जोडायची गरज नाही. गाता येत असेल तर उपासनासंगीतातलं आईच्या तोंडून ऐकलेलं एखादं गीत शिवता शिवता गुणगुणा. विश्वास वाटत नसला तरी चाल ओठावर येते, आणि तेवढंही चालतं.

पंडिता रमाबाईंचा शेवटचा काळ मला अशा वेळी आठवतो. पती १८८२ सालीच गेले होते. १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमाही गेली, जिच्या हाती केडगावचं मुक्ती मिशन सोपवायचं ठरलं होतं. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. ते पुरं करून एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. रोज सकाळी टेबलाशी बसताना त्यांना काय वाटत असेल, विश्वास ‘जाणवत’ होता की नाही, हे मी सांगू शकत नाही. बसत होत्या एवढं दिसतं. तुम्हीही मशीनवर बसता, पतींना वेळेवर डायलिसिसला नेता, मुलीची वेणी घालून शाळेत पाठवता. मी पाळक म्हणून बघतो तेव्हा मला यात विश्वास कमी पडलेला दिसत नाही.

पतींना बायबल वाचून दाखवणं तूर्त थांबवा. त्यांची पाठ देवाकडे आहे की स्वतःच्या लाजेकडे, हे अजून कळलेलं नाही. कमावता पुरुष घरी बसला, बायकोच्या पैशावर गोळ्या येऊ लागल्या, डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केला म्हणून त्या हाताने वजनही उचलता येत नाही, अशा माणसापुढे आपण ‘सदा आनंदित असा’ वाचतो तेव्हा त्याला ते टोमण्यासारखं लागतं. त्यांना कामाचं विचारा. कुठल्या मापाचे टॉवेल काढायचे, कोणता फोरमन कसा होता. जुना एखादा जोडीदार आठवड्यातून एकदा येऊन बसेल असं बघा, तो ख्रिस्ती नसला तरी हरकत नाही. ते देवाला शिव्या देऊ लागले तर गप्प करू नका. शेजारी बसून ऐका. जो देवाशी भांडतोय त्याचं देवाशी बोलणं अजून चालू आहे. मात्र “मला आता न्यायचं नाही, डायलिसिस नको” असं ते वारंवार म्हणू लागले, जेवण सोडलं, झोप उडाली, तर ते विश्वासाचं दुखणं समजू नका. लगेच डॉक्टरांना सांगा. मन खचण्यावरही औषध असतं आणि सिव्हिलमध्ये त्याचा विभाग आहे.

मुलीचं मात्र मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. “तू मनापासून प्रार्थना केलीस तर पप्पा बरे होतील” हे वाक्य तिच्या कानावर कुणी घालता कामा नये, तुम्हीही नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर ती जन्मभर समजेल की माझी प्रार्थना कमी पडली. बापाचं ओझं बारा वर्षांच्या पोरीवर टाकू नका. “देवाची इच्छा” म्हणूनही तिला गप्प करू नका, तिला त्यातून एवढंच कळेल की देवाला पप्पा आजारीच हवे आहेत. तिला सांगा, “मलाही माहीत नाही गं.” आणि येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजराची गोष्ट तिच्याबरोबर वाचा. लाजराची बहीण मार्था येशूला तोंडावर म्हणते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. येशू तिला रागावत नाही. थोड्याच वेळाने तो स्वतः रडतो, लाजराला उठवायचं ठाऊक असूनही रडतो. मुलीला म्हणा, तुझा प्रश्न मला विचारलास तसाच रात्री प्रार्थनेत त्याला विचार, अगदी याच शब्दांत. तिच्या शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गाच्या, बाईंना घरची परिस्थिती सांगून ठेवा. तिचा अभ्यास, खेळ, मैत्रिणीचा वाढदिवस, काही बंद करू नका.

राहिले ते वडीलधारे. त्यांना उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. ते माझ्यावर सोपवा, नाहीतर तुमच्या पाळकांवर. तुम्ही त्यांना एकच सांगा: “काका, शनिवारच्या डायलिसिसला यांना न्यायला-आणायला कुणी नसतं, मला शिलाईचं काम द्यायचं असतं. तुम्ही याल का?” त्यांच्याकडे स्कूटर आहे, आणि निवृत्त आहेत असं तुम्हीच लिहिलंय. आले तर त्यांना चार तास त्या बाकड्यावर बसू द्या. नाही आले तर मला कळवा, तरुण संघातल्या मुलांची मी पाळी लावून देतो.